भोपळ्याच्या वेलाला स्थळ

भोपळ्याच्या फुलांची भजी मीच तळली, हे आधी सांगून टाकते. पुढे सगळा दोष नवऱ्याच्या माथी गेला आणि तो तसा गेला हे मला सोयीचंच झालं. पण कढईसमोर मी उभी होते. सलग आठवडाभर. बेसन, मीठ, तिखट, चिमूटभर ओवा आणि फुलं. फार कुरकुरीत झाली होती. चौथ्या दिवशी नवरा फुलांबरोबर कळ्याही खुडून घेऊन आला आणि कळ्या फुलांपेक्षा बऱ्या लागतात असा शोध आम्ही दोघांनी मिळून लावला.

आमचं घर पेडणे तालुक्यात, मोरजीच्या रस्त्यापासून जरा आत. मागे परसात एका अंगाला विहीर आणि दुसऱ्या अंगाला गडगा, म्हणजे चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. गडग्यापलीकडे माझी चुलत जाऊ राहते. आमच्या बाजूला मिरच्या, भेंडी, तांबडी भाजी, वालीचा एक मांडव, आबोलीचा वाफा आणि मोगरीची चार झाडं. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी इतकं खाली जातं की बाल्दी आधी खडकावर आपटते आणि मग विचार करून भरते. त्यामुळे न्हाणीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं असं सगळं पाणी झाडांना जातं. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे, साडेनऊची बस पकडायची असते. म्हणून वर्षानुवर्षं माझी पद्धत एकच: सकाळी अर्ध्या तासात जे जगेल ते जगेल. झाडंही त्याला सरावली होती.

फेब्रुवारीअखेर नवरा निवृत्त झाला. तो मुरगावच्या बंदरात क्रेन चालवायचा. तीस वर्षं तो शनिवारी संध्याकाळी घरी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा, आणि संसार उत्तम चालला होता. आता तो सातही दिवस घरी असतो. पहिले पंधरा दिवस तो सोप्यावर बसून रस्त्याकडे बघत होता. सोळाव्या दिवशी त्याची नजर परसाकडे गेली.

त्यानं झाडांना पाळ्या लावल्या. मिरच्या आणि भेंडी पहिल्या पाळीत, सकाळी सहा ते सात. वाली आणि आबोली दुसऱ्या पाळीत. मोगरी तिसऱ्या. कॅलेंडरच्या पाठीमागे रकाने आखून त्यानं तो कागद विहिरीच्या खांबाला खिळ्यानं ठोकला.

"आबोलीक सुटी कधी रे?" सासूबाईंनी विचारलं.

त्या ऐंशीच्या पुढे आहेत. दिवसभर मागच्या दारातल्या खुर्चीत बसून परसावर लक्ष ठेवतात आणि मुलाची थट्टा करायची एकही संधी सोडत नाहीत. तीस वर्षांची बाकी आहे, ती वसूल करतात.

ह्या सासूबाईंचाच तो भोपळ्याचा वेल.

त्या डिचोलीकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं राखेत घोळवलेल्या बिया बरोबर दिल्या होत्या. तो भोपळा बाजारात दिसतो तसा नाही. चपटा, खोल शिरांचा, बाहेरून काळपट हिरवा आणि आत हळदीसारखा. दरवर्षी बी धरायचं, राखेत घालून डब्यात ठेवायचं, पुढच्या वर्षी लावायचं, असं साठ वर्षं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट बसलं नाही आणि आत कीड लागली. माघात डबा उघडला तेव्हा पाच बिया धड निघाल्या. पाचांतल्या दोन रुजल्या. दोनांतलं एक रोप मोरानं खाल्लं. इथे मोर फार झालेत. किनाऱ्यावर आलेले रशियन पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि आम्ही त्यांच्यामागे केरसुणी घेऊन धावतो.

राहिला एक वेल. ह्या वेलाला पावसाआधी एक तरी भोपळा धरून पिकायला हवा होता. नाही तर ते बी संपलं. दुसरीकडे मागायची सोय नव्हती, कारण डिचोलीच्या माहेरी आता भोपळा लावायला कोणी नाही. भाऊ पणजीत फ्लॅटमध्ये असतात. सासूबाई ह्याबद्दल रडल्याबिडल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची दोन हात पुढे सरकवून घेतली, वेल नीट दिसेल अशी. आणि दिवसातून दहा वेळा विचारायच्या, "धरलो?"

नवऱ्यानं हा प्रश्न मनावर घेतला. त्यानं वेलाचं निरीक्षण केलं आणि त्याला आढळलं की वेलावर फुलं भरपूर आहेत पण त्यांतली बहुतेक नुसती उमलतात, मिटतात आणि गळतात. त्यांच्या मागे फळ काही येत नाही. बंदरात असं एखादं जहाज माल न उतरवता धक्का अडवून बसलं तर त्याला बाहेर काढतात. नवऱ्यानं ती फुलं बाहेर काढली. धुऊन, देठ तोडून, ताटलीत घालून मला आणून दिली.

भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात हे मला माहीत होतं. लांब सडपातळ देठाचं फूल ते नर. ज्याच्या मागे लिंबाएवढी गाठ असते ते मादी. नराचे परागकण मादीत पडले तरच गाठीचा भोपळा होतो. हे मला पक्कं माहीत होतं. पण देठ तोडलेली फुलं ताटलीत सगळी सारखीच दिसतात, आणि संध्याकाळी सहाला बसमधून उतरलेली बाई फुलाचं लिंग तपासत नाही, बेसन भिजवते.

सासूबाईंनी भजी खाल्ली नाहीत. दातांना नको म्हणाल्या. आठव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या खुर्चीतून उठून, काठीवर भार देऊन वेलापाशी उभ्या होत्या.

"गो सुने," त्या म्हणाल्या, "ह्या वेलार दादलो एक नाय उरलो."

दादलो म्हणजे नवरा, पुरुष. मी वाकून पाहिलं. पानांखाली मादीच्या दोन कळ्या गळून पडल्या होत्या, पिवळ्या, सुकलेल्या. तिसरी वेलाच्या शेंड्याला होती, टपोरी, हिरवी गाठ, टोकाला जरासा पिवळेपणा. दोन दिवसांत उमलणार. आणि नर फूल एकही नाही. कळीसुद्धा नाही. आठवडाभर तरी उमलेल असं काही नाही.

नवऱ्याला बोलावलं. तो टॉवेलला हात पुसत आला.

"फुलां खंय गेली रे?"

"आये, ती काय कामाची नव्हती. फळ धरीत नव्हती."

"म्हणून?"

"म्हणून तळली."

सासूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तीस वर्सां घरात काय कामाचो नव्हतंस. तुका कोणे तळल्यान?"

मी चहाचा कप घेऊन आत गेले. कढई अजून ओट्यावरच होती, ती धुऊन पालथी घातली.

आता प्रश्न साधा होता. मादीचं फूल सूर्य उगवताना उमलतं आणि दहाच्या आत मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. त्या एका सकाळी कुठून तरी ताजं नर फूल आणायचं आणि हातानं पराग लावायचे. उन्हानं वेल दमला होता, आणखी मादी फूल येईल याची खात्री नव्हती. म्हणजे ही शेवटची कळी. तिला नवरा हवा होता, दोन दिवसांत.

बातमी सगळ्यात आधी समजली ती गडग्यापलीकडे भाड्यानं राहणाऱ्या कोल्हापूरच्या बाईंना. त्यांचा नवरा मोरजीकडच्या बांधकामांवर गवंडी आहे. जावेच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. दोन्ही घरांशी त्यांचं बरं आहे आणि दोन्ही घरांतलं त्यांना सगळं माहीत असतं.

"वैनी, त्यात काय एवढं!" त्या गडग्यावर कोपरं टेकून म्हणाल्या. "आमचा येल हाय की. फुलं रग्गड. न्या कितीबी."

सासूबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "बी खंयचा?"

"पाकिटातलं हाय, आजी. म्हापशास्नं आणलेलं."

"पाकिटातलो? आणि आवय-बापूय कोण ताचो?"

"ते न्हाई ठावं. पर पाकिटावर फोटू हाय."

"फोटो बघून आम्ही दिणव नाय," सासूबाई म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

म्हातारीचं म्हणणं हास्यास्पद वाटलं तरी चूक नव्हतं. पाकिटातल्या नराचे पराग लावले तर भोपळा होईल, पण त्याच्या आतलं बी सरमिसळ निघेल, आणि सगळा खटाटोप तर बियांसाठीच होता.

"मग तुमच्याच बियांचा येल बघा की," कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी मागे हनुवटी दाखवली. "मालकीणबाईंचा. त्यो जुना येल. तुमीच बी दिल्तं म्हणत्यात."

खरं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी सासूबाईंनी त्याच डब्यातलं बी चुलत जावेला दिलं होतं. तिच्या लाकडांच्या खोपीवर तो वेल दरवर्षी चढतो. त्याचे भोपळे ती कोवळेच भाजीला काढते, बी धरत नाही. एखादा पानांआड राहून पिकतो, त्यातलं एक पोर आपसूक रुजतं म्हणते. फक्त अडचण अशी की जाऊ आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगते. पाण्याचा पाइप. माझा हिरवा रबरी पाइप तिनं एका मे महिन्यात नेला. गेला तेव्हा तो विहिरीपासून मोगरीच्या शेवटच्या झाडापर्यंत पोचायचा. परत आला तेव्हा पोचत नव्हता. टोक चाकूनं सरळ कापलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, पाइप उन्हानं आकसतो. मी म्हटलं, मग तुझी जीभ का आकसत नाही. तिथे बोलणं थांबलं.

ह्या स्थळालाही सासूबाईंनी हरकत घेतली.

"तो वेल आमच्याच बियेचो," त्या विचार करत म्हणाल्या. "म्हणजे एकाच घराण्यातलो. सगोत्र झाला."

"आई, वेलांना गोत्र नसतं."

"तुका काय खबर?"

"मग पाकिटवाला आणू?"

"तो नको."

"मग?"

त्यांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "बी माझ्या माहेरचा. हयसून तयसर गेला. म्हणजे तो आत्येचो झील धरूया. आत्येच्या झिलाक दितत."

झील म्हणजे मुलगा, आणि आतेभावाला मुलगी देतात. गोत्राचा प्रश्न सुटला. मागणीचा राहिला. नवऱ्याला पाठवायची मी तयारी केली, कारण चूक त्याची आणि नातंही त्याच्याच बाजूचं. पण तासाभरात कोल्हापूरच्या बाई निरोप घेऊन आल्या. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी सगळं तिकडे पोचवलं होतं.

"म्हणत्यात, फूल देते. पर गडग्यावरनं न्हाई. चोरीचा माल न्हवं त्यो. मुलीकडच्यांनी पुढल्या दारातनं यावं, सोप्यावर बसावं आनि मागावं. आनि पुरुषाला धाडू नगा म्हणाल्या. त्यानंच खाल्ली."

भज्यांची बातमीही पोचली होती.

संध्याकाळी मी साडी बदलून, रस्त्यानं वळसा घालून, जावेच्या पुढच्या दारात गेले. ती सोप्यावर बसली होती. नेसण नवी होती. म्हणजे वाट बघत होती.

"ये गो बाय. वाट चुकलंस?"

"वयनी, एक फूल होया होता."

"ने गो. आबोली हा, मोगरी हा, जास्वंद हा..."

"भोपळ्याचा. दादला."

"अशें." तिनं पदर सारखा केला. "चेडू कसा हा?"

चेडू म्हणजे मुलगी. मला निमूट उत्तर द्यावं लागलं. सांगितलं, लिंबाएवढी गाठ आहे, पान हिरवं आहे, कीड नाही, परवा सकाळी उमलेल, आणि दहाच्या आत आटपायला हवं, पण साडेनऊला माझी बस आहे म्हणून त्याच्याही आधी.

"बस चुकली तर चुकली. लग्न घरातला," ती म्हणाली. "मी वरमाय. माका बोलावणां?"

"हेच बोलावणं."

"ओटी?"

"नारळ देतंय."

"आणि खण?"

"वयनी, फुलाला खण?"

"फुलाक नाय गो. माका. खणाशिवाय मी तुमच्या परसात पाय ठेवचंय नाय."

कबूल केलं. घरी येऊन कपाटातल्या खणांच्या गठ्ठ्यातला वरचा काढून ठेवला. चवथीला हळदीकुंकवात आमच्याकडे खण येतात आणि आमच्याकडून जातात. कोणी शिवत नाही.

दोन दिवसांनी सकाळी पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा मी पाव घ्यायला न जाता आधी परसात गेले. फूल उमललं होतं. पिवळंधमक, तळहाताएवढं. सासूबाई माझ्या आधीच जरीकाठाची साडी नेसून खुर्चीत तयार. ऊन गडग्यावरून आत येऊ लागलं होतं, आणि उन्हात फूल लवकर मिटतं, म्हणून नवऱ्याला त्याच्यावर छत्री धरून उभं केलं. काळी, लांब दांड्याची, वडिलांची छत्री. तो सव्वासातापासून उभा होता.

"हात बदलू?" त्यानं विचारलं.

"पाळी संपली काय?" सासूबाई म्हणाल्या.

पावणेआठ झाले. आठ झाले. जाऊ येईना. गडग्यावरून हाक मारायची सोय नव्हती, वरमायला गडग्यावरून हाक मारत नाहीत. सव्वाआठला ती पुढच्या दारानं आली, मागे कोल्हापूरच्या बाई. जावेच्या हातात पितळेचं ताट, त्यावर क्रोशाचा रुमाल. तिला पाट दिला, कुंकू लावलं, नारळ आणि खण ओटीत घातला. खण हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिला.

"हो मीच दिल्लंय तुका."

"तर मग बरोबर पोचला," मी म्हटलं. "फूल दाखवा."

तिनं रुमाल काढला. ताटात तीन फुलं होती. एक नवरा, एक धाकटा दीर आणि एक असूदे म्हणून. टवटवीत, चकचकीत. मी एक उचललं. बोटांवरून पाणी ओघळलं.

"वयनी, ही ओली कशी?"

"न्हाऊन आणलंय," ती अभिमानानं म्हणाली. "नळाखाली धरून चांगली धुतलंय. मुंगळे होते भितर. नवऱ्याक तसोच आणू काय, पारोसो?"

मी फूल फाडून पाहिलं. आतला दांडा स्वच्छ होता. एक कण पराग शिल्लक नव्हता. तिन्ही फुलं तिनं देवाला वाहायच्या फुलांसारखी न्हाऊ घालून आणली होती, आणि ज्यासाठी ती हवी होती तेवढंच नेमकं वाहून गेलं होतं.

"पराग गेले," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे नवरा आलाय, पण नुसता बसायला."

कोल्हापूरच्या बाई पदर तोंडाला लावून मागे वळल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या फुलाकडे बघत होत्या. छत्री असूनही पाकळ्यांच्या कडा आत वळायला लागल्या होत्या. "धावा गो," त्या म्हणाल्या. एवढंच, आणि हळू आवाजात.

धावलो. पुढच्या दारानं जायला वेळ नव्हता. मी साडी खोचली आणि गडग्यावर चढले. जाऊ माझ्या मागे, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात अजून ते ताट. खाली तिच्या वेलाची सगळी फुलं तिनंच तोडून देवाला घातली होती. राहिली होती ती खोपीच्या कौलांवर, वर.

"शिडी?"

शिडी होती, लाकडी, एक पायरी निखळलेली. नवऱ्याला हाक मारली. तो छत्रीखालून ओरडला की क्रेनच्या केबिनमध्ये तो तीस वर्षं चढत होता ते खरं, पण तिथे लोखंडी जिना होता आणि धरायला कठडा. शिवाय छत्री कोण धरणार. मग मीच चढले. जावेनं खालून शिडी धरली.

पाचव्या पायरीवर माझा हात कौलांपर्यंत पोचला. सातवीवर फुलं दिसली, तीन-चार, उघडी, आत पिवळी भुकटी. हात लांबवला आणि शिडी हलली.

"धरलंस मा?"

"धरलंय," जाऊ खालून म्हणाली. "बाय, एक विचारू?"

"आता?"

"तो पाइप."

"वयनी, फूल मिटतंय तिकडे!"

"म्हणूनच विचारतंय. आकसता का नाय उन्हान?"

मी खाली पाहिलं. ती वर बघत होती, दोन्ही हात शिडीवर, चेहरा अगदी शांत. तिला माहीत होतं की मला घाई आहे आणि मी कुठेही जाऊ शकत नाही. मी माझ्या नोकरीत कधी खोट्या कागदावर सही केलेली नाही.

"आकसतो," मी म्हटलं.

"कितको?"

"पाच फूट!"

"चार."

"चार! धर घट्ट!"

दोन फुलं देठासकट तोडली, पदरात घातली आणि उतरले. पुन्हा गडगा. परत येईतो पावणेनऊ झाले होते आणि फूल अर्धं मिटलं होतं. पाकळ्या बोटांनी हळूच मागे धरल्या. नराच्या पाकळ्या फाडून टाकल्या, आतला पराग लागलेला दांडा मोकळा केला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यांचा हात थरथरतो. ह्या कामाला ते बरंच पडतं. त्यांनी तो दांडा मादीच्या फुलात तीनदा फिरवला. कोल्हापूरच्या बाईंनी "शुभमंगल" म्हणून मुठीतल्या अक्षता उधळायला हात वर केला, तो मी हवेत पकडला, कारण तांदूळ आत गेले असते तर पुन्हा पंचाईत. त्या अक्षता मग नवऱ्याच्या डोक्यावर पडल्या. फुलाचं तोंड सुतळीनं बांधलं.

साडेनऊची बस मिळाली. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाय, हळद लागली हा तोंडाक. कोणाचा लग्न?"

"घरचंच," मी म्हटलं आणि सुटे दिले.

नंतरचे चार दिवस काही करण्यासारखं नव्हतं. गाठ पिवळी पडली तर गेली, हिरवी राहिली तर धरली. सासूबाईंनी "धरलो?" विचारणं बंद केलं होतं, त्याचंच मला जास्त वाटलं. जाऊ गडग्यापाशी येऊन नुसती भुवई उडवायची. पाचव्या दिवशी सकाळी नवरा पळत स्वयंपाकघरात आला. मला वाटलं पुन्हा काही खुडून आणलं. पण हात रिकामे होते.

"नारळाच्या करवंटीएवढा झालाय," तो म्हणाला.

धरला होता. नवऱ्यानं त्याच्यावर बंदरातलं आपलं पिवळं हेल्मेट पालथं घातलं, मोरासाठी. हेल्मेट उचललं जायला लागलं तेव्हा टोपली ठेवली. टोपली पुरेना तेव्हा तो स्वतःच शेजारी खुर्ची टाकून बसू लागला. आई एका खुर्चीत, मुलगा दुसऱ्या खुर्चीत, मध्ये भोपळा. सव्वीस वर्षांत त्या दोघांना मी इतका वेळ एकत्र बसलेलं पाहिलं नव्हतं. दोघं पेपर वाचत.

मेच्या शेवटी देठ वाळला. नखानं साल खरवडेना, म्हणजे पक्व. आमच्याकडे अखंड भोपळ्याला पहिली सुरी बायका लावत नाहीत, पुरुषानं लावायची असते. म्हणून नवऱ्यानं कोयता घेतला आणि दोन घावांत दोन भाग केले. आत हळदीसारखा पिवळा. सासूबाईंनी कुलेर, म्हणजे चमचा, मागवून घेतली, स्वतः बसून एकेक बी गरातून सोडवलं, धुतलं, सुपात पसरलं. तीन दिवस सावलीत वाळवलं. मग राख, मग नवा डबा, घट्ट झाकणाचा. एक मूठ जावेला, मुलाकडचा मान म्हणून. अर्धा भोपळाही तिलाच. कोल्हापूरच्या बाईंना एक मोठी फोड आणि चार बिया. त्यांनी त्या पाकिटातच घालून ठेवल्या, फोटोच्या मागे.

राहिलेल्याची मी ओलं खोबरं आणि गूळ घालून भाजी केली, घारगे तळले. ताटं वाढली. सासूबाईंच्या ताटात दोन चमचे जास्त वाढले, कारण भोपळा त्यांचा.

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माका नको. माका भोपळो आवडत नाय."

"आज नको, की..."

"कधीच नाय. लहानपणापासून नाय. आवय मारीत होती तरी खाल्लंय नाय."

मी आठवून पाहिलं. सव्वीस वर्षं. दर वर्षी ह्या भोपळ्याच्या दिवशी त्यांचा उपास निघायचा, किंवा दात दुखायचे, किंवा "उद्या खातंय" म्हणून वाटी झाकून ठेवायच्या आणि ती दुसऱ्या दिवशी गाईपुढे असायची. एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग साठ वर्षं लावलात कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"बी ठेवची होती," त्या म्हणाल्या, जणू त्यानं काही तरी अगदीच बावळट विचारलं होतं. "खावची होती असां कोणे सांगल्यान?"

मग त्यांनी लोणचं मागितलं आणि डाळभात जेवल्या. आम्ही दोघांनी तो भोपळा आठ दिवस खाल्ला. चव बरी असते.